पिठाखालचा थर

केवळाबाईच्या घरातली जमीन कापायला जुन्या खुनांची फेरतपासणी करणाऱ्या आयोगाची माणसं आली, तेव्हा सकाळचे साडेनऊ वाजले होते आणि केवळाबाई दारात पाय पसरून बसली होती. तिला ओलांडल्याशिवाय आत जायला वाट नव्हती.

"माय, ऊठ," सुवर्णा म्हणाली. "साहेब लोक खोळंबलेत."

"खोळंबू दे. चौतीस वर्सं आपन खोळंबलो तवा कुनाचं काय अडलं?"

पण ती उठली. सुवर्णा तिची एकुलती एक लेक. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात सिस्टर, वय पंचेचाळीस. आजच्या दिवसासाठी तिनं रजा टाकली होती, आणि आजच्या दिवसासाठीच तिचं आख्खं आयुष्य गेलं होतं म्हटलं तरी चालेल.

हिंगणदरीच्या मातंग वस्तीत आता सगळ्यांच्या घरी फरशी होती. दोन घरांत तर चकचकीत पांढरी होती. मातीची जमीन राहिली होती ती एकट्या केवळाबाईच्या घरात. घरकुलाचे इंजिनिअर दोनदा आले, दोनदा शिव्या खाऊन गेले. सुवर्णानं स्वतः फरशीच्या पेट्या आणून टाकल्या, तर म्हातारीनं त्यांच्यावर शेळ्या बांधल्या. "तुझा बाप हितं पडला व्हता. त्याच्या उरावर दगड बसवू व्हय?" एवढंच तिचं म्हणणं. दर शुक्रवारी ती गुडघ्यावर बसायची आणि शेणामातीचा हात फिरवायची. मधल्या मेढीच्या खांबाजवळची जागा तर तिनं धान्याच्या उतरंडीनं अडवून टाकली होती. तिथं पाय द्यायला कुणाला मुभा नव्हती.

त्या जागी २००९ साली, भाद्रपदात, सुवर्णाचा बाप आश्रुबा कसबे मरून पडलेला सापडला. डोकं फुटलेलं. गुन्हा काय, तर त्या वर्षीच्या पोळ्याला त्यानं हलगी वाजवली नाही. मातंगानं हलगी वाजवत पुढं चालायचं आणि मागून गावाचे बैल यायचे, अशी तिथली पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. आश्रुबानं हलगी खुंटीला टांगली आणि वस्तीतल्या पोरांनाही सांगितलं, "बैल त्यांचे, सण त्यांचा, वाजवू द्या त्यांनाच." पोळा मुका गेला. अठराव्या दिवशी आश्रुबा गेला. कुणी मारलं ते गावाला ठाऊक होतं आणि कागदावर कुणालाच ठाऊक नव्हतं. पोलिसांनी पंचनाम्यात लिहिलं: घरातली जमीन ताजी सारवलेली, रक्ताचा डाग नाही, म्हणजे इसम दारू पिऊन बाहेर कुठंतरी खडकावर पडला असावा आणि त्याला घरी आणून टाकलं असावं. फाईल बंद.

केवळाबाई त्या रात्री घरी नव्हती. बहिणीच्या बाळंतपणाला गेली होती, सुवर्णाला घेऊन. पहाटे ती एकटी परतली. पोरगी दुपारी दुसऱ्या मावशीबरोबर आली, तोवर बापाला जीपमध्ये घालून नेलं होतं. "म्या कायबी सारवलं नव्हतं," केवळाबाईनं तेव्हाही सांगितलं, पुढं कोर्टात शपथेवर सांगितलं, आणि आयोगापुढंही सांगितलं. म्हणजे पोलीस खोटारडे. या एका वाक्यावर सुवर्णा चौतीस वर्षं लढली.

आणि मग हे यंत्र आलं.

शास्त्र तसं अवघड नाही. माणूस जिथं जातो तिथं थोडा थोडा सांडत जातो. कातडीचे कण, थुंकीचे तुषार, घाम, केस. त्या प्रत्येक कणात त्याचा डीएनए असतो. उघड्यावर तो लवकर कुजतो. पण चिकणमातीच्या बारीक कणांना तो एकदा चिकटला, की जंतूंना त्याच्यापर्यंत सहज पोचता येत नाही. वरून शेणाचा ओला हात फिरला आणि वाळला, की खालचं सगळं झाकून जातं. दर आठवड्याला सारवणाऱ्या घरात वर्षाला पन्नास-साठ पापुद्रे बसतात, एकेक कागदाएवढा. थरवाचक यंत्र हे पापुद्रे एकेक करून सोलतं आणि कुठल्या पापुद्र्यावर कोण कोण पाय देऊन गेलं ते सांगतं. गाईनं त्या आठवड्यात काय खाल्लं तेही शेणात असतं. हिरवं गवत म्हणजे भाद्रपद, कोरडा कडबा म्हणजे चैत्र. म्हणून वर्ष आणि ऋतू यंत्राला कळतात. आठ वर्षांपासून राज्यातल्या प्रत्येकाच्या रक्ताची नोंद आरोग्यपत्रिकेत आहे, त्यामुळे नाव शोधायला वेळ लागत नाही. मेलेल्याचं नाव त्याच्या नातवंडांवरून सापडतं.

एक अडचण होती. घराच्या जमिनीत सगळंच असतं. कोण कुणाकडं कधी आलं, नको त्या वेळी कोण आलं, सगळं. पहिल्या वर्षी एका गावात भलताच थर वाचला गेला, तर दोन संसार मोडले आणि एकानं विहीर जवळ केली. तेव्हापासून कायदा झाला की घटनेचा तेवढा एकच थर उघडायचा. वरचे-खालचे न वाचता सीलबंद ठेवायचे.

तो एक थर नेमका कोणता, हे ठरवणं डॉ. केतकी नेने यांचं काम. पुण्याच्या बाई, चाळिशीच्या, बोलायला मऊ. त्यांनी उतरंड हलवायच्या आधी केवळाबाईच्या पुढ्यात मांडी घातली.

"आजी, माणूस गेल्यावर तुमच्यात सारवतात कधी?"

"मढं भाईर गेलं की. ती जागा सारवायची, पनती लावायची, पीठ पसरायचं."

"पीठ?"

"वरून टोपलं झाकायचं. सकाळी पिठात पाऊल दिसतं. गेलेला मानूस कशाच्या जल्माला गेला ते कळतं."

डॉक्टरबाईंचा चेहरा उजळला. पीठ आणि पणतीचं तेल म्हणजे यंत्राला वाचता येईल अशी पक्की खूण. पिठाचा थर सापडला की त्याच्या लगेच खालचा पापुद्रा तो मृत्यूचा.

"आणि मढं बाहेर जायच्या आधी सारवलं नव्हतं ना? पोलिसांनी तसं लिहिलंय."

केवळाबाई जमिनीकडं बघत होती.

"न्हाई," ती म्हणाली.

"पोलिसांचं काय घेऊन बसलात?" सुवर्णा मधेच म्हणाली. तिला राग आला होता. डॉक्टरबाईंनी माफी मागितली आणि लिहून घेतलं.

सहा आठवड्यांनी अहवाल आला. पिठाच्या थराखालच्या पापुद्र्यावर आश्रुबाचं रक्त होतं. म्हणजे तो घरातच मेला, पोलीस खोटं बोलले, इथवर सगळं सुवर्णा म्हणत होती तसंच. त्याच पापुद्र्यावर वस्तीतल्या अकरा माणसांच्या खुणा होत्या, दोन शिपायांच्या होत्या, केवळाबाईच्या होत्या. आणि आणखी एका माणसाच्या होत्या, ज्याला त्या वस्तीत यायचं काही कारणच नव्हतं. त्याच्या तळहाताची कातडी आश्रुबाच्या रक्तात मिसळलेली सापडली होती.

"बाबुराव थेटे," वकील ओव्हाळांनी नाव वाचलं. ओव्हाळ कसबे मायलेकींची बाजू फुकट लढवत होते, बारा वर्षं. "निवृत्त प्राथमिक शिक्षक. वय एकोणऐंशी. आणि हा त्याचा तेव्हाचा जबाब बघा. 'मी त्या दिवशी मातंग वस्तीत पाऊलही टाकले नाही.' सापडला, ताई! साफ खोटं बोललाय."

सुवर्णानं कागद ओढून घेतला आणि नाव स्वतः वाचलं.

थेटे गुरुजींनी तिला बाराखडी शिकवली होती. बाप गेल्यावर शाळा सुटायला लागली, तेव्हा घरी येऊन केवळाबाईशी भांडले होते. नर्सिंगचा अर्ज त्यांच्या अक्षरात होता. नोकरीचा कागद हातात पडला, तेव्हा ती आधी त्यांच्या पाया पडली आणि मग आईच्या. आता तिला वाटलं, हे सगळं पापाचं प्रायश्चित्त होतं की काय? तसं एकदा वाटलं, आणि मग मागचं प्रत्येक बोलणं, प्रत्येक मदत वेगळीच दिसायला लागली. माणूस वाईट दिसायला एवढाही वेळ लागत नाही.

गुरुजींना अटक झाली. गावानं सुटकेचा निःश्वास टाकला. सगळ्यात आधी बोलले ते माजी सरपंच भागवत ढवळे. "गुरुजी असे निघतील असं वाटलं नव्हतं," असं त्यांनी वाहिनीवर सांगितलं, डोळे पुसले, आणि आश्रुबाला न्याय मिळालाच पाहिजे म्हणून मूक मोर्चा जाहीर केला. चोर सोडून संन्याशाला फाशी ही म्हण ऐकायला ठीक असते. चोरच फाशीचा दोर वळून देतो, तेव्हा काय म्हणायचं त्याला म्हण नाही.

कोठडीत गुरुजींचा रक्तदाब चढला. त्यांना आणलं ते सुवर्णाच्याच दवाखान्यात, तिच्याच वॉर्डात. पलंगाच्या दांडीला बेडी, दाराशी स्टुलावर शिपाई. दुसरी सिस्टर रजेवर होती. सुवर्णा पट्टा घेऊन गेली आणि त्यांच्या दंडाला गुंडाळू लागली. त्यांच्या तोंडाकडं तिनं बघितलं नाही.

"सुवर्णा, मी मारलं नाही गं त्याला," गुरुजी म्हणाले.

"बोलू नका. आकडा चुकतो."

पट्टा फुगला, उतरला. आकडा वाईट होता. तो तिनं कागदावर लिहिला, आणि मग तिला राहवलं नाही.

"वस्तीत पाऊल टाकलं नाही म्हणून सांगितलंत. कशाला?"

गुरुजींनी दाराशी बसलेल्या शिपायाकडं बघितलं आणि आवाज खाली आणला.

"उचलायला चौथा माणूस नव्हता. वस्तीतली निम्मी माणसं पळाली होती, आपल्यावर येईल म्हणून. शिपाई हात लावीनात. मी शाळेतून येत होतो. गेलो आत, पाय धरले. जीपपर्यंत नेलं." त्यांनी बेडीचा हात पलंगावर सरकवला. "घरी गेलो तर थोरला भाऊ दारात उभा. म्हणाला, मांगाचं मढं उचलून आलास म्हणे. मी म्हणालो, नाही, मी गेलोच नव्हतो. एकदा म्हणालो ते म्हणालो. पोलिसांना तेच सांगितलं. तुला इतक्या वेळा सांगावंसं वाटलं. पण तू मला देव मानायला लागली होतीस."

"आणि रक्त? उचलणाऱ्याच्या तळहाताची कातडी जमिनीवरच्या रक्तात कशी?"

"पडलो ना मी! पाय सटकला. हात टेकला गेला खाली. ओलं होतं सगळं. पँटीला शेण लागलं, ते ओढ्यावर धुऊन मग घरी गेलो."

सुवर्णा पट्ट्याची गुंडाळी करत होती. तिचे हात थांबले.

"कसलं शेण?"

"सारवण, दुसरं काय? ओलं सारवण होतं."

ती त्याच दुपारच्या बसनं हिंगणदरीला गेली. केवळाबाई शेळ्यांना पाला टाकत होती. जमिनीचा चौकोन कापून नेलेली जागा तिनं पुन्हा भरून घेतली होती.

"माय, पोलीस येण्याआधी तू सारवलं होतंस," सुवर्णा म्हणाली. तिनं विचारलं नाही, सांगितलं.

म्हातारीच्या हातातला पाला खाली पडला. ती तिथंच उंबऱ्यावर बसली. मग सगळं बोलली, एका दमात, इतकी वर्षं तोंडात धरून ठेवलेलं.

"दार उघडंच व्हतं. माशा बसत व्हत्या गं त्याच्यावर. म्या त्याला वाकळंवर घेतला, भिताडाकडं सरकवला. एवढा मोठा मानूस, कसा सरकला ठाव न्हाई. रगात समदीकडं. उजाडाय लागलं व्हतं. मानसं येनार व्हती, सुवर्णे. सोयरे येनार, पाव्हनं येनार. त्यास्नी घर तसं दावायचं व्हय? बाईच्या जातीला कळतंय काय, मानसं येनार म्हनलं की सारवायचं. म्या सारवलं. त्याचं तोंड धुतलं. पुन्यांदा जाग्यावर निजवलं."

"मग पोलिसांना का नाही सांगितलंस?"

"त्यो फौजदार म्हनला, तूच पुरावा पुसलास का गं रांडे? तुलाच घालतो आत. पुरावा म्हंजी काय ते तवा कळलं मला. म्या न्हाई म्हनले. दुपारी तू आलीस, बगत व्हतीस माझ्याकडं, मंग न्हाईच म्हनत राह्यले. मोठी झालीस, त्याच न्हाईवर भांडाय लागलीस. कागदं लिवलीस. पेपरात छापून आनलंस. आता कोन्त्या तोंडानं सांगू?"

सुवर्णाला आईला मिठी मारावीशी वाटली आणि थोबाडीत द्यावीशीही वाटली. तिनं दोन्ही केलं नाही. तिच्या डोक्यात हिशेब पक्का बसला होता. पिठाच्या थराखालचा पापुद्रा हा मृत्यूचा नव्हता. तो पहाटेच्या सारवणाचा होता. त्यावर आल्या-गेल्यांची, उचलणाऱ्यांची पावलं होती, आणि उचलताना सांडलेलं रक्त. मारणारे त्याच्या खाली होते. आणखी एक पापुद्रा खाली, न उघडलेले.

तिनं ओव्हाळांना फोन लावला. सगळं सांगितलं.

"ताई, हे तुम्ही मला सांगितलंच नाही असं समजतो," ओव्हाळ म्हणाले. "नीट ऐका. आई बोलली तर गुरुजी सुटतील. खालचा थर उघडायची परवानगीही मिळेल, नावंसुद्धा निघतील. पण तो थर त्या रात्रीचाच, हे कशावरून? फक्त आईच्या शब्दावरून. आणि आईनं शपथेवर चौतीस वर्षं उलटं सांगितलंय. समोरचा वकील दोन मिनिटांत उडवेल. मग हातात काहीच उरत नाही. आज निदान एक आरोपी आहे. आश्रुबा कसबे यांचा खून जातीय द्वेषातून झाला, असा निकाल कागदावर येतोय. इतक्या वर्षांत पहिल्यांदा."

"पण माणूस चुकीचा आहे."

"मी निर्णय घेत नाही. तुम्ही घ्या."

सुवर्णानं निर्णय घेतला नाही. नऊ दिवस घेतला नाही. हे लपवण्यात अर्थ नाही, तिला तो निकाल हवा होता. बापाचं नाव, खाली खून हा शब्द, खाली सरकारी शिक्का. गुरुजी एकोणऐंशीचे आहेत, ते किती दिवसांचे सोबती, असाही विचार तिच्या मनात येऊन गेला. रोज दोनदा ती त्यांच्या दंडाला पट्टा बांधायची. गुरुजी दंड पुढं करायचे. त्यांनी तो विषय पुन्हा एकदाही काढला नाही, आणि ते तिला शिव्यांपेक्षा जड जात होतं.

दहाव्या दिवशी ढवळ्यांचा मोर्चा दवाखान्यावरून गेला. तोंडाला काळ्या पट्ट्या, हातात आश्रुबाचा फोटो. तो एकच फोटो होता, मतदार ओळखपत्रावरचा, तो ताणून ताणून मोठा केलेला. सुवर्णा ड्यूटी संपवून फाटकाशी आली होती. भागवत ढवळ्यांनी तिला ओळखलं. ते रांग सोडून आले, पट्टी खाली ओढली आणि सगळ्यांदेखत तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"पोरी, उशिरा का होईना, तुझ्या बापाला न्याय मिळाला. आता मनातलं काढून टाक."

तो हात जाड होता आणि ऊन होता. सुवर्णानं मान खाली घालून तो सोसला. कॅमेरेवाल्यांचं समाधान होईपर्यंत तो तिथंच होता.

ती घरी गेली नाही. सरळ हिंगणदरीला गेली.

"माय, सोमवारी आयोगापुढं जायचं. तू सांगायचं."

"धरून नेतील मला."

"मी येते संगं. नेलं तर दोघींना नेतील."

केवळाबाईनं लेकीच्या तोंडाकडं बघितलं. "तुजी समदी मेहनत वाया जाईल गं."

"जाऊ दे."

सोमवारी केवळाबाई बोलली. गुरुजी सुटले. त्यांना न्यायला मुलगा आला, त्यानं सुवर्णाकडं पाठ फिरवली. गुरुजी मागं न बघता गाडीत बसले. तिनंही हाक मारली नाही.

खालचा पापुद्रा उघडायला परवानगी मिळाली. महिन्यानं डॉ. नेने स्वतः अहवाल घेऊन आल्या. आयोगाच्या दालनात येण्यापूर्वी त्या केवळाबाईपाशी थांबल्या आणि म्हणाल्या, "आजी, चूक माझी होती. मी पुस्तकातली रीत विचारली. त्या सकाळी काय झालं ते विचारलंच नाही."

"म्या तरी कुठं सांगितलं?" केवळाबाई म्हणाली.

दालन भरलं होतं. पुढच्या दोन रांगा ढवळ्यांनी अडवल्या होत्या. मुलं, सुना, नातू, इस्त्रीचे कपडे. अहवालाची प्रत त्यांना आधीच गेली होती आणि त्यांचा वकील मुंबईचा होता. ओव्हाळ म्हणाले होते तसंच झालं, फक्त दोन मिनिटांऐवजी दहा लागली. थराची तारीख एकाच साक्षीदारावर उभी आहे. त्या साक्षीदारानं घटनास्थळ स्वतः पुसलं. शपथेवर खोटं सांगितलं. आज खरं सांगते आहे हे कशावरून? खालचा थर आठ दिवस आधीचाही असू शकतो. माझ्या अशिलांपैकी कुणी कामाचा माणूस बोलवायला गेलंही असेल. आणि रक्त? जखमी माणूस घरात राहतो, रक्त पडतं.

अध्यक्षा निवृत्त न्यायाधीश होत्या. त्यांनी चष्मा काढला, डोळे चोळले, चष्मा घातला. त्यांनाही ठाऊक होतं, हे सुवर्णाला दिसत होतं, आणि त्यानं काही फरक पडणार नाही हेही दिसत होतं.

"अहवाल पुराव्यातून वगळण्यात येत आहे," त्या म्हणाल्या. "अर्जदार केवळाबाई कसबे यांचं वय पाहता खोट्या साक्षीबद्दल कारवाई करण्यात येत नाही. प्रकरण निकाली. नियमाप्रमाणे वगळलेला मजकूर नोंदीसाठी वाचला जाईल, मग अर्जदाराची सही घेऊन सील होईल."

लिपिक उठला. पन्नाशीचा, घसा बसलेला माणूस. त्यानं टपाल वाचावं तसं घाईघाईनं वाचलं. पापुद्रा क्रमांक अमुक, मृताचं रक्त, आणि पुढील व्यक्तींच्या खुणा: भागवत रंगनाथ ढवळे. दत्ता रंगनाथ ढवळे. महादेव किसन ढवळे. उत्तम सोपान काळदाते, मयत.

झालं. चौतीस वर्षांचं काम दहा सेकंदांत वाचून झालं. पुढच्या रांगेत खुर्च्या सरकल्या, माणसं उठायला लागली. भागवतरावांनी उपरणं नीट केलं. सुवर्णाचे डोळे भरून आले होते. ती आईच्या दंडाला धरून म्हणाली, "चल माय. अंगठा दे आणि चल."

लिपिक शाईचा पॅड घेऊन आला. केवळाबाईनं हात पदराखालून बाहेर काढला नाही.

"अंगठा देनाऱ्याला आधी वाचून दावावं लागतं," ती म्हणाली. "तलाठ्याकडं बी दावत्यात. वाचून दाखवले, समजले, असं लिवत्यात खाली. मला वाचता येत न्हाई."

"आता वाचलं की आजी."

"त्ये तुमी नोंदीला वाचलं. मला न्हाई वाचलं."

लिपिकानं अध्यक्षांकडं बघितलं. मुंबईचा वकील अर्धा उठला आणि काहीतरी बोलायला लागला. अध्यक्षांनी हात वर केला.

"बरोबर आहे त्यांचं. निरक्षर अर्जदाराला वाचून आणि समजावून देणं बंधनकारक आहे. वाचन पूर्ण होईपर्यंत कुणीही जागा सोडू नये. बसा, ढवळे."

ढवळे बसले. खुर्च्या पुन्हा सरकल्या. लिपिक केवळाबाईच्या खुर्चीपाशी आला आणि या वेळी हळू वाचू लागला, म्हाताऱ्या माणसाला समजेल असं, एकेक शब्द तोडून. पहिलं नाव आलं तेव्हा केवळाबाई म्हणाली, "कोन?" त्यानं पुन्हा सांगितलं, मोठ्यानं. दुसऱ्याला ती म्हणाली, "कोनाचा?" त्यानं बापाचं नाव वेगळं करून सांगितलं. दालनात कुणी खोकत नव्हतं. ढवळ्यांच्या रांगेतली एक तरुण सून मान वळवून सासऱ्याकडं बघत होती, आणि सासरे समोर बघत होते. तिसरं नाव. चौथं नाव, आणि तो मेला आहे हे.

सुवर्णानं आईचा दंड सोडला. ती शेजारची खुर्ची ओढून बसली.

"समजलं ना आजी?" लिपिकानं विचारलं आणि पॅड पुढं केला.

केवळाबाईनं हात पदराखालीच ठेवला.

"न्हाई," ती म्हणाली. "पुन्यांदा वाचा."